खोडलेली ओळ

३ फेब्रुवारी

भावजी,

पत्राला उशीर झाला. रागवायचं असेल तर तुमच्या दादांवर रागवा, त्यांचं ठरत नव्हतं. आता ठरलं आहे. म्हणजे मी ठरवलं आहे आणि ते "बघू" म्हणाले आहेत.

आपल्या जुन्या व्हॅनचे, खोकलीचे दिवस भरले. गेल्या महिन्यात ती दोनदा बाजाराच्या चढावर बंद पडली. दुसऱ्यांदा भाजीवाल्यांनी मागून ढकलली. आत काटे तपासायची लोखंडी वजनं, स्टिअरिंगवर हे. ढकलणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "काका, आमचे काटे तपासायला या म्हटलं होतं, तुमची वजनं उचलायला आम्हाला लावू नका." घरी येऊन हे सांगताना ते हसत होते, पण हात गुडघ्यावर होता. क्लच दाबला की गुडघ्यातून कळ जाते, हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. गाडीतून उतरल्यावर दार धरून थोडा वेळ उभे राहतात, त्यावरून कळलं.

दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे, हा धंदा घरात बसून होत नाही. फिरती थांबली की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तुमचे वडीलच सांगायचे.

तर क्लच नसलेली गाडी हवी. शोरूमवाला विजेची व्हॅन घ्या म्हणतो. किंमत ऐकून मी त्याच्याच खुर्चीत बसले. तो म्हणाला, "किंमत बघू नका ताई, दहा वर्षांचा खर्च बघा." मला हसू आलं. हे तर तुमचं वाक्य. बसगाड्या घेण्याआधी तुम्ही ऑफिसात हाच अंदाज काढता ना? मग आमच्या एका गाडीचा काढून द्या.

आणि एक. ती गाडी वाजते का? खोकली गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळतं, मी चहा ठेवते. निघतानाही ती तीनदा खोकते आणि मग धरते. हिचं कसं कळायचं?

पत्र नेहमीसारखं आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गाडीचं त्यालाच विचार, त्याला कळतं. आणि लिही, जेवण वेळेवर करत जा."

वहिनी

*

११ फेब्रुवारी

वहिनी,

खोकली अजून जिवंत होती, हीच मला बातमी. तिच्यावर दादाने मला गाडी शिकवली. शिकवली म्हणजे शेजारी बसून डोळे मिटून घेतले.

अंदाज जरूर काढतो. ऑफिसात मला कात्री म्हणतात, हे तुम्हाला माहीत नसेल. विकणारा दहा गोष्टी लिहून आणतो, मी सहा ठेवतो. तुमच्या शोरूमवाल्याला आधीच सहानुभूती कळवा.

मला एवढं हवं: दादा रोज सरासरी किती फिरतो. मागे वजन किती असतं. चढ किती. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथे विजेची सोय आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी किती वर्षं ठेवणार. विजेच्या गाडीचं गणित इथेच फिरतं. घेताना ती महाग असते, मग दर वर्षी थोडी थोडी स्वस्त होत जाते. लवकर विकली तर तोटा. फार वर्षं ठेवली तर बॅटरी बदलावी लागते आणि पुन्हा तोटा. मधली काही वर्षं फायद्याची. ती कोणती, हे शोधायचं.

वाजते का विचारलंत. अजिबात नाही. आमच्या आगारात पहिली विजेची बस आली तेव्हा पहारेकरी तिच्या पुढ्यात उभा राहून ड्रायव्हरला विचारत होता, "साहेब, सुरू कधी करणार?" ती सुरूच होती. वहिनी, गाडीचा आवाज म्हणजे वाया गेलेलं डिझेल. विजेच्या गाडीत तो खर्चच नाही. चहासाठी दादाला गल्लीच्या तोंडाशी फोन करायला सांगा.

पत्राखाली आईची ओळ नव्हती. नेहमी असते. आळस की रुसवा?

धाकटा

*

२२ फेब्रुवारी

भावजी,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. किलोमीटर यांनी सांगितले आहेत, म्हणजे थोडे कमी करून धरा. वजनांचं वजन मात्र अगदी बरोबर आहे, त्यात ते खोटं बोलणार नाहीत. गाडी मागच्या शेडमध्येच राहील. तिथे वीज आहे, नवीन वायर ओढावी लागेल.

किती वर्षं ठेवणार, यावर घरात भांडण झालं. हे म्हणाले, "बारा." मी म्हटलं, "बारा वर्षांनी तुमचं वय किती होईल ते आधी काढा." ते म्हणाले, "मी गाडीचं सांगतोय." आई आतून म्हणाल्या, "माझ्या आयुष्यावर मोजू नका रे, हिशोब चुकेल. मी बॅटरीपेक्षा जास्त टिकणार आहे." शेवटी दहा ठरली.

आईंचा हात दुखतो हल्ली, म्हणून ओळ नाही. काळजीचं काही नाही.

शोरूमवाल्याने लिहून दिलेल्या वस्तूंचा कागदही सोबत आहे. त्यात शेवटून दुसरी वस्तू बघा. आवाजाचा डबा. तो म्हणतो, नव्या गाड्यांत हा बसवूनच येतो. ही व्हॅन आधीच्या बनावटीची, म्हणून किंमत कमी, पण डबा वेगळा घ्यावा लागेल. गाडी सावकाश चालत असली की तो घूं असा वाजत राहतो आणि माणसं बाजूला होतात. मला तो घ्यावासा वाटतो. आपलं अंगण तुम्हाला माहीतच आहे. शेडमधून गाडी थेट अंगणात येते, कपड्यांच्या दोऱ्यांखालून.

तरी तुम्ही म्हणाल तसं. आई म्हणतात, "तो लिहील ते घ्या, तो सोडील ते सोडा."

वहिनी

*

३ मार्च

वहिनी,

अंदाज सोबत आहे. मोठा कागद आहे, दादासमोर जेवणाआधी उघडू नका.

थोडक्यात सांगतो. दहा वर्षांत विजेची व्हॅन खोकलीच्या जातीच्या नव्या डिझेल गाडीपेक्षा स्वस्त पडते. पाचव्या वर्षापर्यंत ती महाग आहे. सहाव्या वर्षापासून ती तुम्हाला पैसे परत देऊ लागेल. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही, त्यामुळे दुरुस्ती निम्म्याहून कमी. टायर मात्र लवकर झिजतील, बॅटरी जड असते आणि त्यात दादाची वजनं. विमा पहिली काही वर्षं जास्त बसेल. विकताना किती येतील, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर कोणालाच माहीत नाही. मी जवळजवळ शून्य धरलं आहे. वाईट धरलेलं बरं, नंतर चांगलं निघालं तर कोणी भांडायला येत नाही.

बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे. दहाव्या वर्षी तिची ताकद बरीच उतरलेली असेल, पण दादाच्या फेरीला पुरेल. वजनं रोज सगळी नेऊ नका म्हणावं. अर्धी शेडमध्ये ठेवली तर रोजची वीज वाचते.

शोरूमवाल्याच्या कागदावर मी कात्री चालवली आहे. लाल रेघ मारलेलं काही घ्यायचं नाही. रंगावरचा मुलामा, सीटची कव्हरं, जास्तीची हमी आणि तो आवाजाचा डबा. अंगणात सावकाश चालणाऱ्या गाडीला भोंगा! वहिनी, पुढच्या माणसाला डोळे आहेत. गाडी चांगली गाडीएवढी आहे. दिसेल.

तो डबा महाग नाही, हे खरं. पण अंदाजाचा एक नियम आहे. जी वस्तू आपला खर्च भरून काढत नाही ती लहान असली तरी काढायची. लहान लहान वस्तूंनीच गाडी महाग होते.

आईच्या हाताला तेल लावा. पुढच्या पत्रात मला ओळ हवी. नाहीतर मी अंदाजाचं बिल पाठवीन.

धाकटा

*

२० एप्रिल

भावजी,

गाडी आली. पांढरी आहे. हे म्हणाले, फ्रिजला चाकं लावल्यासारखी दिसते.

तुमच्या कागदाप्रमाणे सगळं घेतलं आणि सगळं सोडलं. शोरूमवाल्याने तुमच्या लाल रेघा बघितल्या आणि म्हणाला, "हे साहेब आमच्याकडे नोकरीला नकोत."

खोकलीला भंगारवाला घेऊन गेला. सुरू करताना ती दोनदाच खोकली आणि पहिल्यांदाच लगेच धरली. हे आत निघून गेले. मी फाटकापर्यंत गेले.

एक बातमी आहे, हसू नका. मी गाडी शिकले. क्लच नाही, गिअर नाही, मग माझ्या न शिकण्याला कारणच उरलं नाही. यांच्या गुडघ्याला सुट्टी द्यायची म्हणून मंगळवार आणि शुक्रवार मी चालवते, हे शेजारी बसतात. तुमच्या वेळेसारखे मला शिकवताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते म्हणाले, "धाकट्याच्या वेळी मी तरुण होतो, मरणाची भीती वाटायची."

आईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढून मागून, सगळीकडून हात फिरवला. आरसा कुठे, दाराची कडी कुठे, पुढचा भाग किती लांब. मग म्हणाल्या, "थंड आहे." दिवसातून चार वेळा विचारतात, "गाडी आत आहे की बाहेर?"

घरात आता काही कळत नाही. हे दारात येऊन उभे राहतात आणि मी दचकते. फोन करा म्हटलं तर विसरतात. चहा रोज उशिरा.

वहिनी

*

२ मे

वहिनी,

पत्र ऑफिसात तीन जणांना वाचून दाखवलं. फ्रिजला चाकं हे वाक्य आता आमच्या विभागात रूढ झालं आहे.

पहिल्या महिन्याचं विजेचं बिल आलं की कळवा. माझा आकडा आणि बिल यांत फरक असेल तर मला झोप लागणार नाही. तुम्ही चालवता हे मी अंदाजात धरलं नव्हतं. तुम्ही दादापेक्षा हळू चालवणार, म्हणजे बॅटरी जास्त टिकेल. हा माझ्या हिशोबाबाहेरचा फायदा.

आईला म्हणावं, गाडी आत आहे की बाहेर याची चिंता करू नकोस. विमा उतरवला आहे. चोरीही त्यात येते.

ओळ याही वेळी नव्हती. हात अजून दुखतो? डॉक्टरला दाखवा. की मी कात्री आहे म्हणून तिने शब्द वाचवायला घेतले?

धाकटा

*

१७ जून

वहिनी,

परवा दादाचा फोन आला. तो फोनवर कसा बोलतो ते तुम्हाला माहीत आहे. "शुक्रवारी सकाळी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. गाडी माझ्या हातात होती." एवढंच. मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "अंगणात." मी विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं? त्याने फोन ठेवला.

मी त्याला पत्र लिहिणार होतो. दोनदा लिहिलं आणि फाडलं. म्हणून तुम्हाला लिहितो. आपल्याच अंगणात, भर सकाळी, आपल्याच आईला? एवढ्याशा अंगणात? गुडघा दुखत होता तर गाडी चालवायला कोणी सांगितलं होतं? शुक्रवार तुमचा असतो ना? मग तुम्हाला का नाही चालवू दिलं? की मोठेपणा? लहानपणापासून त्याचं हेच. दुखतं म्हणायचं नाही आणि मग दुसऱ्याला दुखवायचं.

आणि आई? तिला समोरून येणारी गाडी दिसली कशी नाही?

मला खरं काय ते लिहा. तो लिहिणार नाही.

धाकटा

*

२४ जून

भावजी,

हे पत्र मी आईंना वाचून दाखवलेलं नाही. या घरात आल्यापासून न वाचता टाकलेलं हे पहिलंच पत्र.

गाडी माझ्या हातात होती. शुक्रवार होता. हे शेडमध्ये वजनं भरत होते. डॉक्टरांना त्यांनी "मी चालवत होतो" असं सांगितलं, मग तुम्हालाही तेच सांगितलं. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांना गाडी दिसली नाही, कारण त्यांना दिसत नाही. गेली दोन वर्षं. आधी मधलं गेलं, कडेचं थोडं राहिलं होतं. आता उजेड आहे की अंधार एवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही. आईंनी आम्हा दोघांना शपथ घातली, धाकट्याला कळवायचं नाही. म्हणाल्या, "कळलं तर तो नोकरी सोडून इथे येईल, नाहीतर मला उचलून तिकडे नेईल. मला दोन्ही नको. इथे मला पाऊल न पाऊल माहीत आहे." हाताला काही झालेलं नाही. ओळ सरळ येत नाही, ती तुम्ही ओळखाल म्हणून त्या लिहीत नव्हत्या.

पत्र तर त्यांना वाचून दाखवावं लागतं, तुमचंही आणि माझंही. त्यांच्या कानासमोर मला जेवढं लिहिता आलं तेवढं मी लिहिलं. गाडी वाजते का, हे मी चहासाठी विचारलं नव्हतं. खोकली तीनदा खोकायची, तेवढ्यात आई दोऱ्यांकडून मागे सरून पायरीवर यायच्या. कोणी सांगायला लागत नव्हतं. आम्ही कोणी ते कधी ठरवलंही नव्हतं. खोकली गेल्यावर कळलं की ते होतं.

तुमचं अंदाजाचं पत्र वाचताना मी एका ठिकाणी अडखळले. आई म्हणाल्या, "वाच ना." पुढच्या माणसाला डोळे आहेत, असं तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. डबा नको." मी म्हटलं, "आई, घेऊ या ना, तो काही बघायला येत नाही." त्या म्हणाल्या, "घेतलास तर तो विचारील, का घेतला. काय सांगशील?"

मला तरी घेता आला असता. शोरूमवाल्याला दोन शब्द सांगायचे होते. मी तुमच्या लाल रेघेमागे उभी राहिले, तिथे बरं वाटत होतं.

मग मी नियम केला. गाडी हलवण्याआधी हॉर्न द्यायचा, आईंनी पायरीवरून "हं" म्हणायचं आणि मगच निघायचं. दोन महिने चाललं. आदल्या दिवशी शेजारची म्हणाली, "काकू, सकाळच्या हॉर्नने बाळ दचकून उठतं हो." त्यांचं मूल तान्हं आहे, तिची काही चूक नाही. म्हणून त्या दिवशी मी हॉर्न दिला नाही. म्हटलं, हळू नेऊ. माणूस चालतो त्याहून हळू नेली. दोरीवर चादरी होत्या. आई कधी बाहेर आल्या मला माहीत नाही. चादर हलली, मला वारा वाटला.

आवाज काहीच झाला नाही. त्या पडल्यावरसुद्धा.

त्यांनी एकदाही मला काही म्हटलेलं नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "चादरी उचलल्या का?"

तुम्ही दादांवर रागावू नका. रागवायला मी आहे.

वहिनी

*

६ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र मिळाल्यावर मी तो अंदाज आणि शोरूमवाल्याचा कागद पुन्हा काढून बसलो. माझ्याकडे दोन्हींच्या नकला आहेत. शोरूमवाल्याच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ, त्यावर माझी रेघ. सरळ आहे, पट्टी लावून मारल्यासारखी. मारताना मी चहा पीत होतो, हेही आठवतं.

आकडे सगळे बरोबर आहेत. विजेचा खर्च मी धरला होता तेवढाच येतो आहे. पाचव्या वर्षापर्यंत महाग, सहाव्यापासून स्वस्त. अजूनही तेच उत्तर येतं. मी ऑपरेशनचा खर्च घालून बघितला, बाईचा पगार, खाट, औषधं. ते घातले तर आकडा बदलतो. पण ते कोणत्या सदरात लिहायचे कळेना. दुरुस्ती नाही, विमा नाही. आणि बाकीचं, जे त्या बिलांत येत नाही, त्याला तर सदरच नाही. तिचं पाऊल न पाऊल माहीत असलेलं अंगण. ते दहा वर्षांत कसं वाटू?

ऑफिसचा नियम मी तुम्हाला लिहिला होता. जी वस्तू आपला खर्च भरून काढत नाही ती काढायची. इतकी वर्षं तो नियम मी नव्या मुलांना शिकवतो. काय भरून काढायचं आहे, हे आधी विचारावं, असं त्यात नाही.

तुम्ही दोनदा विचारलंत. मी दोन्ही वेळा उत्तर दिलं. वहिनी, तुम्हाला मी कधी निरर्थक विचारताना पाहिलेलं नाही. तरी, तुम्ही का विचारता, हे मी एकदाही विचारलं नाही.

चालवत कोण होतं, हे आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचं नाही. तुम्हीही तसंच धरा. दादाबद्दल मी जे लिहिलं ते त्याला वाचून दाखवलं असेल तर माझ्यातर्फे माफी मागा. नसेल तर जाळून टाका.

तिकडे यायला हवं, कळतं. इथे हिशोबतपासणी चालू आहे, रजा मिळणं कठीण आहे. या महिन्यात जमणार नाही. आईला सांगा, जमलं की येतो.

धाकटा

*

१५ जुलै

भावजी,

हे पत्र आईंना वाचून दाखवलं आहे. यापुढे सगळी दाखवणार. तुमचंही दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तुमचं सतरा जूनचं पत्र यांनी स्वतःच वाचलं होतं. ते म्हणाले, "ठीक आहे, लहान आहे." तुम्ही आता पन्नाशीला आलात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अपघातानंतर गाडी शेडमध्येच उभी होती. हे थोडी थोडी वजनं पिशवीत घालून बसने जात होते. मीच म्हटलं, असं किती दिवस? शेवटी परवा त्यांनी गाडी बाहेर काढली. मी स्वयंपाकघरात होते. घूं असा आवाज आला. मला कळेना काय आहे. हे गाडीतून उतरले, वाकून चाकांकडे बघितलं, पुन्हा आत बसले, पुन्हा घूं. दोघंही अंगणात उभे राहिलो. आतून आई ओरडल्या, "हे कोण आलं?"

शोरूमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, डबा तर एक तारखेलाच बसवला. तुमच्या साहेबांनी पैसे भरले, कारागिराला घेऊन स्वतः आले होते. लाल रेघांवाले साहेब. किल्ली कुठे टांगलेली असते ते त्यांना माहीत होतं. काम चालू असताना ते घरात गेले होते, म्हणाले आई आत आहे."

एक तारखेला दुपारी मी औषधं आणायला गेले होते, हे कामावर होते. मी परत आले तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "मघाशी कोणीतरी आलं होतं. दारात उभं होतं. मी विचारलं, कोण? बोललं नाही. बराच वेळ उभं होतं, मग गेलं." मी म्हटलं, "आई, भास झाला असेल, औषधाची गुंगी असते." त्या म्हणाल्या, "बरं." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

शोरूमवाला बोलला ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी हाताने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. चपला बाहेर काढून आला होता. लहानपणी काही फोडलं की असाच यायचा. दारात उभा राहायचा. मी वर बघितलं की रडायचा."

भावजी, त्या वर कशा बघणार होत्या?

मी तुम्हाला बोल लावत नाही. मीही त्या दिवशी दवाखान्यात यांच्या शेजारी उभी राहून गप्पच होते.

डबा चांगला आहे. गल्लीच्या तोंडाशी नाही, पण फाटकाशी गाडी आली की ऐकू येतो. मी चहा ठेवते. आई आता अंगणात येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, चालता येईल, काठीने, घरातल्या घरात. तरी गाडी निघाली की त्या खाटेवरून "हं" म्हणतात. हे ते "हं" येईपर्यंत थांबतात.

पत्र वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "ओळ माझी आहे." खालची ओळ त्यांची आहे. ती माझ्या अक्षरांवर चढली आहे आणि शेवटी कागदाबाहेर गेली आहे. तरी वाचता येईल.

वहिनी

धाकट्या दारात उभा राहू नकोस हाक मार मला दिसत नाही